दालचिनीच्या बाटलीत लवंग

प्रिय धाकट्या,

सुरुवातीला आशीर्वाद लिहावेत की नाही, या विचारात मी बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. शेवटी म्हटलं, लिहावेत. तू आता बाप झाला आहेस आणि बापाला, तो कसाही असला तरी, आशीर्वाद लागतातच. तुझ्या घरी मुलगी आली हे तेलवाल्यानं सांगितलं. तो अजून येतो. बंद पडलेल्या कारखान्याला तेल लागत नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी येतो, जिन्यात बसून पाणी पितो आणि गावभरच्या खबरा सांगून जातो. पाकिटावरचा पत्ता मी त्याच्याकडूनच लिहून घेतला आहे. माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवलं असतंस. बघ, एवढी लबाडी मलाही जमते.

दादा आजारी आहे. पडसं-खोकला नव्हे, कायमचा आजारी. डॉक्टर आता औषधांची नावं सांगत नाहीत, पाठीशी उशा किती उंच ठेवायच्या तेवढं सांगतात. कारखान्याच्या वरच्या खोलीत, खिडकीशी त्याची खाट आहे. चार शब्द बोलला की थांबतो, श्वास गोळा करतो, मग पुढचे चार. आणि त्या मोजक्या शब्दांतले बरेचसे तो तुझ्यावर खर्च करतो. धाकट्याचं काही कळलं का? धाकट्या बरा असेल ना? मी म्हणते, बरा असेल. खोटं नाही ते. तू बराच असणार.

तू पहिल्यांदा आलास तो दिवस तुला आठवतो का? साबणाच्या वड्यांना गुंडाळायचा कागद विकायला आला होतास. बूट नवे आणि चावरे होते, त्यामुळे दारात उभा राहून तू एक पाय दुसऱ्यावर घासत होतास. दादानं कागद बघितलाच नाही. तुला स्टुलावर बसवलं, बूट काढायला लावले आणि टाचेला लावायला आपल्या हातानं मलम दिलं. संध्याकाळपर्यंत तू कढईतला साबण कसा घट्ट होतो, साच्यात कसा ओततात, तारेनं वड्या कशा कापतात, सगळं बघितलंस आणि प्रत्येक गोष्टीला तोंडात बोट घातलंस. दुसऱ्या दिवशी कामाला लागलास. घोटणारे काका, जे कढईपाशी उभे राहून आयुष्यभर साबण घोटत आले, ते मला म्हणाले होते, ताई, पोरगं फार लवकर ‘वा’ म्हणतंय. मी हसले होते. दादाला धाकटा भाऊ हवा होता, मी बहीण निघाले. तू आलास आणि त्याची ती हौस फिटली. नाव त्यानंच ठेवलं, धाकट्या.

दादाचा स्वभाव तुला काय सांगायचा, तू तर त्याच्यावरच इमला बांधलास. पण तू यायच्या आधीची एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. एकदा एका अनोळखी माणसानं त्याच्याकडे सायकल मागितली, आत्ता आणून देतो म्हणाला. दादा दुपारभर रस्त्यावर उभा. सायकल गेली हे शेजारच्या पोराटोरांनाही कळलं, पण हा जेवायला येईना. मी ओढून आणला तर म्हणतो, चिमणे, त्याला कुठे अपघात तर झाला नसेल? मग तो खरोखर दवाखान्यात चौकशी करून आला. मी त्याला महिनाभर चिडवत होते, आणि तोही हसायचा. पण लक्षात ठेव, हसून झाल्यावरही तो माणूस चोर होता असं त्याच्या तोंडून कधी आलं नाही. माझं लग्न मोडून मी बॅग घेऊन त्याच्या दारात आले, तेव्हाही त्यानं काही विचारलं नाही. दार उघडलं आणि म्हणाला, बरं झालं आलीस, माणूस कमीच होतं. असं कोणी आपल्याला काही न विचारता घरात घेतलं की किती बरं वाटतं, ते तुलाही माहीत आहे, मलाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला तो ताप आला. ताप गेला आणि जाताना त्याच्या नाकातला वास घेऊन गेला. साबणाला सुवास देणारा माणूस, ज्याच्या नाकासाठी दूरदूरचे लोक येत, त्याला जळलेलं दूध कळेना. पहिले काही दिवस तो बाटल्या उघडून, डोळे मिटून बसायचा. मग एका सकाळी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाला, चिमणे, आता तुझ्या नाकानं बघायचं. मला तेलांची नावं धड येत नव्हती. मग आम्ही आमच्या लहानपणच्या घराच्या भाषेत बोलू लागलो. मी हुंगायचे आणि सांगायचे, दादा, हा जिन्याखालचा वास आहे. हा काकांच्या टोपीचा. हा पाटी पुसल्यावरचा, पण जरा कोरडा. तो लगेच ओळखायचा, काय कमी, काय जास्त, कशाचे थेंब टाकायचे. सगळे वास त्याच्या डोक्यात होते, नवे कसे जुळतील तेही डोक्यातच ठरायचं. मी फक्त खिडकी उघडून बाहेर काय आहे ते सांगत होते. आमचे सगळ्यात चांगले साबण त्या दिवसांत झाले, धाकट्या. काका सोडले तर कारखान्यात कुणाला पत्ता लागला नाही, आणि काकांना आम्ही सांगितलं नव्हतं, ते आपलं ओळखून गप्प होते.

तुला मात्र दादानं आपण होऊन सांगितलं. मला न विचारता. जेवताना, भात वाढून घेता घेता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. तुझा घास हातातच राहिला होता. मला आठवतं, तू दादाकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस. मला त्या वेळी वाटलं, याला माझी कीव आली. नंतर पुष्कळ दिवसांनी कळलं की तू माझी जागा बघत होतास.

तुला एक शाबासकी द्यावीच लागेल, तू दादाशी सरळ खोटं फार कमी बोललास. तू अर्धी वाक्यं बोलायचास. दादा, मला वाटतं ताईंना हल्ली... जाऊ दे. दादा, काल बाजारात मी ताईंना त्या मोठ्या कारखान्याच्या माणसाबरोबर... नाही, दुसरं कुणी असेल. आणि मग मान खाली, गप्प. दादानं फारच आग्रह केला की डोळ्यांत पाणी आणून म्हणायचास, मला यात पाडू नका, त्या मला बहिणीसारख्या आहेत. उरलेलं अर्धं वाक्य दादा स्वतःच पुरं करायचा. आपणच पुरं केलेल्या वाक्यावर माणूस कसा संशय घेणार? मी भिंतीपलीकडे तारेनं वड्या कापत असायचे, तुझा आवाज कानावर पडायचा आणि मला वाटायचं, पोरगा किती जपून बोलतो. तो मोठ्या कारखान्याचा माणूस मला खरंच भेटला होता, आणि आपल्या कारखान्याचा रस्ता विचारत होता. मीच त्याला तुझ्याकडे पाठवला होता.

मग साबण खवट निघाले. वाळत घातलेल्या फळ्याच्या फळ्या, वास असा की गिऱ्हाइकांनी परत आणून दारात टाकले. त्या खेपेचं तेल मी हुंगलं होतं आणि चांगलं आहे म्हटलं होतं. चांगलंच होतं ते. पिंपं कोठीत गेली आणि कोठीची किल्ली तुझ्याकडे होती. दादा मला एक शब्द बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला झोंबलं, पण मी मूग गिळून राहिले. म्हटलं, नुकसान झालंय, बोलेल चार दिवसांनी.

बोलला तो त्या दुपारी. तू, मी, काका आणि दादा. वासाच्या तेलांचं कपाट तुला आठवत असेलच, तू त्याच आठवड्यात ते धूळ झटकायला म्हणून रिकामं करून पुन्हा लावलं होतंस. दादाला नाक नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी बाटलीची जागा आणि वरची चिठ्ठी हेच नाक. त्या जागा तो स्वतःच्या बोटांसारख्या ओळखायचा. त्यानं वरच्या फळीवरून एक बाटली काढली, चिठ्ठीवर तळवा ठेवून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, काय आहे? मी हुंगलं. म्हटलं, लवंग. त्यानं तळवा काढला. चिठ्ठीवर दालचिनी लिहिलं होतं. त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. मी म्हटलं, दादा, बाटलीत चुकीचं तेल आहे. तो तुझ्याकडे वळला आणि बाटली तुझ्या नाकाशी नेली. तू हुंगलंस, माझ्याकडे बघितलंस, पुन्हा हुंगलंस आणि हळूच म्हणालास, दादा, दालचिनीच आहे. मग म्हणालास, ताईंना सर्दी असेल. काय पण माया! काका पुढे झाले तर दादा म्हणाला, काका, तुमच्या नाकात पन्नास वर्षांचा कॉस्टिक सोडा आहे, तुम्ही यात पडू नका. कोणी आवाज चढवला नाही. दादानं बूच लावलं, बाटली तिच्या जागेवर ठेवली आणि म्हणाला, ताई, तू थोडे दिवस कुठेतरी जाऊन ये. तोवर त्यानं मला कधी ताई म्हटलं नव्हतं.

मी गेले. धुलाईच्या एका दुकानात लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायला लागले. मान खाली घालून करायचं काम, डोकं मोकळं. तिथे एकदा दाढ ठणकायला लागली तेव्हा मालकिणीनं लवंगेच्या तेलाचा बोळा दिला. तो दाढेत धरला, जीभ बधिर झाली आणि मी इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिले. लवंगेनं जीभ बधिर होते, धाकट्या. दालचिनीनं पोळते. त्याला नाक लागत नाही. दादाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्याची जीभ तर शाबूत होती, साबणात कॉस्टिक राहिलाय का ते तो रोज जिभेवर घेऊनच बघायचा. त्या दुपारी बुचाला लागलेला एक थेंब त्यानं जिभेला लावला असता, तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. त्याला ते सुचलं नाही. सुचणार कसं? थेंब चाखून बघायला तुझ्यावर थोडा तरी संशय घ्यावा लागला असता. माझ्यावर घेतला तेवढा पुरे झाला होता, तुझ्या वाट्याचा उरलाच नव्हता. मालकीण म्हणाली, बाई, शर्ट जळतोय. त्या शर्टाची भरपाई माझ्या पगारातून गेली.

त्यानंतर मोठ्या कारखान्याचा तो नवा साबण आला. मी वाण्याच्या दुकानात सहज उचलून नाकाशी नेला आणि मला आमच्या जिन्याखालचा वास आला. जिन्याखालचा आणि मागून हळूच काकांच्या टोपीचा. जगात हे जुळवणारा माणूस एकच. दादा काहीच लिहून ठेवत नसे, सगळं त्यानं तुला शेजारी बसवून तोंडी शिकवलं होतं, किती थेंब, कशानंतर काय. घे, सगळं तुझंच आहे, म्हणून. आणि तू ते घेतलंस. तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं, बाटलीसुद्धा आणि पिंपंसुद्धा. पहिल्यांदा राग आला नाही, लाज वाटली, कोणी आपल्याला बाजारात उघडं केल्यासारखी. राग नंतर आला. अजून आहे. तुला मी जेवायला वाढलेलं आहे, तुझ्या तापात उशाशी बसलेली आहे. परक्या माणसानं लुटलं तर माणूस ओरडतो तरी. तू केसानं गळा कापलास, आणि वर मला बहिणीसारखी म्हणालास.

मी दादाला भेटायला गेले होते, हे तुला ठाऊक नाही. तो साबण घेऊन गेले. तो एकटाच बसला होता, माणसं गेली होती, तूही गेला होतास. मी वडी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, दादा, हा तुझा वास आहे, धाकट्यानं विकलाय. त्यानं वडी नाकाशी नेली. सवयीनं. मग खाली ठेवली. म्हणाला, ताई, तो तिथे शिकायला गेलाय, आपल्यासाठी. मोठी यंत्रं कशी चालतात ते बघून परत येणार आहे. आणि मग अगदी मायेनं म्हणाला, तुझ्या मनात त्याच्याबद्दल अढी आहे, ती काढून टाक. मी काय दाखवणार होते त्याला? पुरावा माझ्या हातात होता आणि त्याला तो दिसत नव्हता. मी ती वडी तिथेच सोडून आले.

हा आजार त्याला तुझ्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण कसा झाला ते ऐक. तेलवाल्याकडून त्याला तुझ्या मुलीची बातमी कळली आणि त्याच्या डोक्यात बसलं की आता तू येणार, मुलीला दाखवायला. तू येशील तेव्हा कारखाना स्वच्छ दिसावा म्हणून तो एकटाच फरशी घासायला बसला, दारं-खिडक्या लावून, धूळ आत यायला नको म्हणून. एका बादलीत अ‍ॅसिड, त्यातच वरून ब्लीचिंग पावडर, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. नाक असलेला माणूस दुसऱ्या क्षणाला दाराबाहेर पळाला असता. याला डोळे चुरचुरल्यासारखे वाटले, तर धुळीनं होत असेल म्हणून घासतच राहिला. काका पगार बंद झाल्यावरही रोज फेरी मारायचे, त्यांना तो सापडला. त्यांनी मला बोलावून घेतलं.

दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा त्यानं माझा हात धरला आणि काय म्हणाला माहीत आहे? ताई, मी तुला केव्हाच माफ केलंय. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नाकाला नळी लावलेल्या माणसाशी भांडता येत नाही. बाहेर जाऊन भिंतीला टेकून मी एवढी रडले की परिचारिकेला वाटलं, माणूस गेला. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा मी भोगली होती, ती सोसली. पण ही माफी मला सोसवत नाही. ती रोज मिळते मला, उशी नीट केली की, पाणी दिलं की, त्याच्या नजरेतून. दुसऱ्या दिवशी त्याला आधार देऊन बेसिनपाशी नेलं. तिथे साबणदाणीत तुमच्या त्या मोठ्या कारखान्याची वडी होती. त्यानं तिचा फेस केला, बोटांच्या मध्ये, नखांखाली, साबणवाला धुतो तसे सावकाश हात धुतले आणि म्हणाला, फेस बरा येतो यांचा. सगळी मोरी जिन्याखालच्या वासानं भरली होती. मी टॉवेल धरून उभी होते.

घरी आणल्यापासून त्याला एकच ध्यास लागला, तुझ्या मुलीसाठी साबण. तान्ह्या अंगाला चालेल असा, अगदी मऊ, वास असून नसल्यासारखा. खाटेवर पाट ठेवून त्यावर आम्ही छोट्या बाटल्या मांडल्या. थेंब मी टाकायचे, त्याचे हात थरथरतात. काका खालच्या छोट्या कढईत घोटून आणायचे आणि जिना चढताना धापा टाकायचे, दोघांच्या धापा ऐकून मला एकदा हसूच आलं. दादा डोळे मिटून सांगायचा, आता याचा एक. थांब. आता त्याचा अर्धा, काडीनं. मी म्हणायचे, दादा, गोड होतंय. तो ऐकून घ्यायचा, पण बदल मात्र स्वतःच्या मनानं करायचा. कितीतरी घाणे त्यानं फेकायला लावले. शेवटचा जमला तेव्हा त्यानं पाट बाजूला सारला. मग म्हणाला, वाळत ठेवा. आता वड्या वाळून खडखडीत झाल्या आहेत.

हे सगळं मी तुला का लिहिते आहे, ते आता सांगते. तो साबण अप्रतिम झाला आहे. दादानं आयुष्यात इतका चांगला दुसरा केला नाही. ऊन खाऊन आत आणलेल्या दुपट्याचा वास आहे त्याला, आणि जरा वेळानं त्या दुपट्यात कोणीतरी निजून उठल्यासारखा. काहीही हुंगता न येणाऱ्या माणसानं, अंथरुणावर पडून, नुसत्या आठवणीनं केलेला. मी हे त्याला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, हात जोडून सांगितलं. तो हसतो, माझ्या हातावर थोपटतो आणि म्हणतो, तू मनानं चांगली आहेस, ताई. काकांनी सांगितलं तर त्यांनाही तेच. त्याला वाटतं, साबण फसला आहे आणि आम्ही मरणाऱ्याचं मन राखतो आहोत. कालपासून म्हणतोय, त्या वड्या टाकून द्या, लहान मुलीच्या अंगाला भलतंच काही नको. माझा शब्द त्या बाटलीपाशीच मेला, धाकट्या, तो तू मारलास, म्हणून तुलाच बोलावते आहे. ये. कबुली द्यायची हौस आलीच तर जिन्यात मला दे, वर नको. तुझं खरं रूप त्याला कळावं असं मला किती वाटतं ते तुला कळणार नाही, रोज ओठांवर येतं. पण आता ते कळलं तर त्याच्याजवळ धरायला काहीच राहणार नाही, आणि त्याला सावरायला मला वेळही पुरणार नाही. मी आयुष्यभर खोटी राहायला तयार आहे. तू फक्त त्याच्या खाटेवर बस, मुलीला त्याच्या मांडीशी ठेव, वडी हातात घे, हुंग आणि जे खरं आहे ते मोठ्यानं सांग. त्या घरात खरं बोललेलं खरं वाटावं अशी पत आता फक्त तुझी उरली आहे. उशीर करू नकोस. त्याला अजून ऐकू येतं.

तुझीच,
ताई